अकरावा प्रश्न

दिवाळीच्या आधी नागपूरच्या गांधीबागेतल्या एका दुकानात चादरी घ्यायला गेले होते. गादीवर मांडी घालून बसलेले वयस्क दुकानदार एकामागून एक घडी उलगडत होते आणि प्रत्येक कोऱ्या सुती चादरीच्या फडफडाटाबरोबर खळीचा वास नाकात शिरत होता. मी नेहमीच्या सवयीने गडद रंग बाजूला काढत चालले होते. काही वेळ त्यांनी ते पाहिले आणि मग न राहवून म्हणाले, "ताई, इतके गडद रंग काहून घेऊन राहिल्या? हा मोतिया पाहा, हा फिका आकाशी पाहा. हलक्या रंगावर झोप छान लागते." "हलके रंग लवकर मळतात हो," असे म्हणून मी विषय मिटवला. उत्तर खोटे नव्हते, फक्त पुरे नव्हते. पिशवी घेऊन गर्दीतून बाहेर पडले तरी त्यांचे ते शेवटचे वाक्य डोक्यात अडकून राहिले. झोप छान लागावी म्हणून चादरीचा रंग निवडायचा असतो, हे आजवर कधी माझ्या मनातच आले नव्हते. मी चादर निवडते ती रात्रभर खाजवून झाल्यावर सकाळी कशी दिसेल, एवढ्याच हिशेबाने.

हा हिशेब बाहेरच्या माणसाला वाटेल त्यापेक्षा बराच बारीक आहे. मरून रंगावर ताजे रक्त दिसत नाही, परंतु वाळले की ते तपकिरी होते आणि मग प्रत्येक ठिपका वेगळा उठून दिसतो. गडद निळ्यावर रक्त लपते, पण त्वचेचा कोंडा पांढरा भुरभुरलेला दिसतो आणि पलंगाजवळ आलेल्या कोणाच्याही नजरेस पडतो. पांढऱ्या चादरीवर कोंडा लपतो आणि रक्त उघडे पडते. त्यामुळे चॉकलेटी जमिनीवर बारीक पांढरी फुले असलेली छापील चादर मला सर्वांत सोयीची वाटते, कारण तिच्यावर दोन्ही खपून जातात. त्यातही कापड शंभर टक्के सुती हवे आणि अंथरण्याआधी खळ पूर्ण निघेपर्यंत धुतलेले हवे. नाहीतर नव्या चादरीची ती कडक, खरबरीत पहिली रात्र फार महाग पडते. नातेवाइकांकडून भेट आलेल्या चकचकीत सॅटिनच्या आणि भरतकाम केलेल्या चादरी आमच्या कपाटात तशाच पडून आहेत. पाहुण्यांसाठी ठेवल्या आहेत, असे मी सांगते.

माझ्या आजाराचे नाव इसब. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अॅटॉपिक डर्मटायटिस असे लिहिलेले असते. तो मला कळू लागल्यापासून आहे. मधे काही वर्षे निपचित पडून असतो आणि पुन्हा उठतो. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणी, मनगटे, मानेची मागची बाजू, आणि वाईट दिवस आले की पापण्यासुद्धा. लोकांना जो दिसतो तो त्याचा दिवसाचा अवतार. त्याच्याशी माझे बऱ्यापैकी जमलेले आहे. लांब बाह्यांचे कपडे, पर्समधली मलमाची ट्यूब, "हे पसरते का हो?" या प्रश्नाला न चिडता दिलेले "नाही" हे उत्तर, इतक्यावर दिवस निभावतो. रात्रीचे तसे नाही.

निद्रानाश म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर छताकडे टक लावून पडलेला, चिंतेने पोखरलेला माणूस येतो. आमच्यातल्या बहुतेकांचे तसे नसते. दिवसभराच्या थकव्याने झोप चटकन लागते. मग केव्हातरी, बहुधा मध्यरात्र उलटल्यावर, झोप आणि जाग यांच्या मधल्या एका पट्ट्यात हात कामाला लागतो. आधी नुसता चोळतो, मग बोटांची टोके, मग नखे. पूर्ण जाग येते तेव्हा बरेचसे काम उरकलेले असते. नखांच्या कडा ओलसर लागतात, कोपराची खोबण आगीसारखी भडकलेली असते आणि उशाचे घड्याळ दोन-सव्वादोन दाखवत असते. मग दिवा न लावता न्हाणीघरात जायचे, गार पाण्याखाली हात धरायचा, अंधारातच मलम शोधायचे आणि ते मुरेपर्यंत पलंगाच्या काठावर बसून राहायचे. परत झोप लागते, पण ती तुकड्यातुकड्यांची. पाच वाजता उठायची वेळ झाली की रात्र संपली म्हणून सुटल्यासारखे वाटते.

रात्री खाजवणारा हात माझाच असतो आणि मी मात्र तिथे नसते.

लहानपणी आम्ही नागपूरच्या महाल भागात राहत होतो आणि एप्रिल लागला की सगळे घर गच्चीवर झोपायचे. संध्याकाळी गच्चीवर बादल्यांनी पाणी ओतण्याचे काम आम्हा मुलांचे. तापलेल्या फरशीवरून वाफ उठायची, तिचा एक भाजका, मातकट वास असायचा आणि रात्री नऊपर्यंत तळव्यांना खालून ऊब लागत राहायची. बाजा टाकल्या जायच्या, माठ वर यायचा, शेजारच्या गच्च्यांवरून गप्पा चालायच्या. नागपूरच्या माझ्या पिढीतल्या कोणालाही या गच्चीविषयी विचारा, तो हरखून बोलू लागेल. मीही बोलते. पण माझ्या गच्चीत आणखी एक गोष्ट आहे. बाजेची सुतळी. अंगाखालची सतरंजी थोडी सरकवली की सुतळीच्या त्या खरखरीत पट्ट्यांवर पाठ आणि गुडघ्यांच्या मागची बाजू घासता यायची, तीही कोणाच्या लक्षात न येता, नुसती कूस बदलल्यासारखी. सगळे निजल्यावर मी तासन् तास कूस बदलत राहायची. आजीला झोप कमी, तिला कळायचेच. "काहून कुरकुर करून राह्यली बाज? नीज ना वो बाई आता," असे ती अंधारातून म्हणायची. सकाळी कडुनिंबाचा पाला उकळलेले पाणी आंघोळीला यायचे आणि अंगाला करंजाचे तेल. त्याने बरे किती वाटायचे ते आज सांगता येणार नाही. करंजाच्या तेलाचा तो उग्र, कडवट वास वर्गात माझ्याआधी पोहोचायचा, हे मात्र स्वच्छ आठवते.

आईची युक्ती वेगळी होती. तिने आजीच्या जुन्या, धुऊन मऊ पडलेल्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्या होत्या. त्या हातांत घालून मनगटाशी नाडीने बांधायच्या. मी झोपेत दातांनी नाडी सोडायची. मग तिने पदराचे टोक माझ्या मनगटाला बांधून झोपायला सुरुवात केली. हात हलला की पदर ओढला जायचा, तिला जाग यायची आणि ती माझा हात धरून ठेवायची. तिची बोटे गार असायची. ती सकाळच्या शाळेत शिकवायची, साडेसहाला घराबाहेर पडायची. एवढ्या वर्षांत मी तिला माझ्या खाजेविषयी बरेच काही विचारले; तिला त्या काळात किती झोप मिळायची, हे मात्र अगदी अलीकडे विचारले. "मिळायची की," एवढेच ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. इसब असलेल्या लहान मुलांच्या आयांची झोप मुलांइतकीच मोडते, हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. आईला तो शास्त्राचा विषय वाटत नाही.

रात्रीच का, हा प्रश्न मी अनेक डॉक्टरांना विचारला आणि त्यांच्या उत्तरांची जुळवाजुळव करत गेले. झोपेच्या तयारीत शरीर आतून थंड होऊ लागते. ते होण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि त्वचा उबदार होते. आणि उबदार त्वचेला खाज अधिक येते. संध्याकाळनंतर त्वचेतून उडून जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढते, म्हणजे आधीच गळक्या असलेल्या आमच्या त्वचेचा कोरडेपणा रात्री आणखी वाढतो. दाह आवरून धरणारे कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. आणि यांखेरीज साधी गोष्ट अशी, की दिवसा मनाला गुंतवणारे शंभर व्याप असतात, रात्री एकही नसतो. गाढ झोपेत खाजवणे कमी होते, उथळ झोपेत जास्त; पण खाजवल्याने झोप पुन्हा पुन्हा उथळ होते, त्यामुळे गाढ झोपेपर्यंत पोहोचणेच कठीण होऊन बसते. हे ऐकले तेव्हा मला विलक्षण हायसे वाटले. पहाटे दोनची ती वेळ माझ्या स्वभावातून येत नाही, शरीराच्या घड्याळातून येते, असे कोणीतरी पदवीधर माणूस सांगत होता.

कारण स्वभावाचा आरोप आम्हाला नवा नाही. "खाजवू नकोस" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले आहे तितक्या वेळा स्वतःचे नावही ऐकले नसेल. सॅम्युएल हाफेनरेफर नावाच्या जर्मन वैद्याने १६६० मध्ये खाजेची व्याख्या केली ती अशी, की जी खाजवण्याची इच्छा निर्माण करते अशी नकोशी संवेदना. साडेतीनशे वर्षे होऊन गेली, ती व्याख्या अजून पाठ्यपुस्तकांत आहे, कारण तिच्यातून खाजवण्याची इच्छा वजा करता येत नाही. खाजवण्यात सुख आहे, हे तर कोणी उघडपणे म्हणतच नाही. पहिल्या काही क्षणांचे ते सुख इतके पूर्ण असते, की पुढे काय होणार हे पक्के ठाऊक असूनही हात थांबत नाही. नखांनी होणारी बारीकशी वेदना मज्जारज्जूपाशी खाजेचा संदेश दाबते, म्हणून आराम वाटतो. पण त्या वेदनेला उत्तर म्हणून मेंदू सेरोटोनिन सोडतो आणि ते खाज पुन्हा वाढवते, असे २०१४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसून आले. मला हे उंदरांच्या आधीपासून माहीत होते. जागेपणी मी स्वतःला आवरू शकते. बैठकीत, लग्नात, बँकेच्या रांगेत आवरतेच. परंतु ज्या वेळी आवरणारी मी झोपलेली असते त्या वेळचा जबाब माझ्याकडून सकाळी मागितला जातो, तेव्हा काय बोलावे ते सुचत नाही.

नागपूरच्या ऋतूंशी या झोपेचे नाते सरळ नाही. २३ मे २०१३ ला इथले तापमान ४७.९ अंशांवर गेले होते, आणि बाहेरगावच्या नातेवाइकांना वाटते की माझे सर्वांत जास्त हाल मे महिन्यात होत असतील. घामाने खाज येते हे खरेच आहे. दुपारी दोन वाजता स्कूटरवरून सीताबर्डी ओलांडताना मानेवर जे काही होते ते सांगण्यासारखे नाही. पण रात्री कूलर लागतो. भिजलेल्या ताट्यांमधून आलेली ती गार, दमट, खसाचा वास असलेली हवा अंगावर येते आणि त्वचा सैल पडते. शिवाय कूलरचा आवाज. त्या घरघरीत माझे खाजवणे कोणाला ऐकू जात नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, हे आमच्या घरातले सर्वांत शांत झोपेचे दिवस आहेत, असे सांगितले तर कोणाचा विश्वास बसत नाही. पाऊस सुरू झाला की तोच कूलर उलटतो. हवेत आधीच पाणी, त्यात त्याचे आणखी, आणि अंथरूण चिकट. खरी परीक्षा डिसेंबरात. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. ती कोरडी थंडी त्वचेतला उरलासुरला ओलावा शोषून घेते. आणि पांघरूण घ्यावे तर ऊब वाढून खाज सुटते, काढावे तर थंडी वाजते. लोकरीच्या ब्लँकेटला मऊ सुती खोळ असते, तरी पहाटे ती नेमकी कुठूनतरी सरकते. आमचे घर अजनीच्या रुळांपासून फार लांब नाही. थंडीच्या रात्री इंजिनाचे भोंगे स्वच्छ ऐकू येतात, आणि त्या दोन भोंग्यांच्या मधल्या शांततेत माझ्या नखांचा आवाज इतका स्पष्ट असतो की माझे मलाच ओशाळल्यासारखे होते.

झोपेविषयी मिळणारे सल्ले आमच्या बाबतीत बरेचदा उलटे पडतात. झोपण्याआधी गरम पाण्याने आंघोळ करा, असे सगळे सांगतात. गरम पाण्याने आमची त्वचा आणखी कोरडी पडते, आम्हाला कोमट पाणीच चालते, आणि अंग टिपताच, ओलसर असतानाच मलम लावावे लागते. पांघरुणात गुरफटून झोपा, म्हणतात. मोबाइल दूर ठेवा, हे तर हमखास. रात्री अडीचला मी मोबाइल हातात घेते तो हात दुसऱ्या कशात तरी गुंतवण्यासाठी, हे कसे पटवून देणार? गोळ्यांचेही तसेच. झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्या मी कित्येक वर्षे घेतल्या. अंगावर पित्त उठते त्या खाजेमागे हिस्टामिन असते आणि तिथे अशा गोळ्या गुणकारी आहेत. इसबाच्या खाजेमागे मात्र बहुतांशी इतर रसायने असतात, त्यांतल्या इंटरल्यूकिन-३१ या एकाला तर खाजेचाच रेणू म्हणून ओळखतात. म्हणजे गोळीने खाज जात नाही, फक्त तिची दखल घेणारा माणूस गुंगतो. हात आपले काम करतच असतो. आणि सकाळी अकरा वाजेपर्यंत ऑफिसात समोरच्याचे बोलणे पाण्याखालून ऐकू आल्यासारखे येते. "काल रात्री सिनेमा पाहिला वाटतं," असे सहकारी हसत म्हणतात, आणि मीही हसते. झोप न झालेल्या माणसाबद्दल आपल्याकडे सहानुभूती असते ती घरात तान्हे बाळ असेल किंवा दवाखान्यात आपले माणूस असेल तेवढ्यापुरती.

दुसऱ्यांच्या घरी झोपणे मी शक्यतो टाळते. लग्नघरात ओळीने घातलेल्या गाद्या, रात्रीच्या रेल्वेतला खालचा बर्थ, नणंदेच्या मुलीसोबत वाटून घेतलेला पलंग. यांतल्या प्रत्येक ठिकाणी मी पहाटेपर्यंत मुद्दाम जागी राहिलेली आहे. झोपलेच नाही तर हातही सुटणार नाही, इतका साधा तो विचार. लग्न ठरताना आजाराची कल्पना दिली होती, लपवले काहीच नव्हते. पण इसब आहे हे सांगणे वेगळे आणि रात्री कशी असते हे सांगणे वेगळे. त्याबद्दल मला बोलता आले नाही आणि आमच्या यांनाही विचारायचे सुचले नाही. ते कळायला त्यांना एक हिवाळा लागला. त्यानंतर त्यांनी एकदाही "खाजवू नकोस" म्हटलेले नाही. झोपेतच त्यांचा हात येतो आणि माझ्या मनगटावर पडून राहतो. आईच्या पदराविषयी मी त्यांना त्या वेळी काहीही सांगितलेले नव्हते.

या सगळ्याचा विचार पुन्हा नव्याने सुरू झाला तो धंतोलीतल्या दवाखान्यात. नव्या डॉक्टरीणबाईंकडे पहिल्यांदाच गेलो होतो. धंतोलीतली कुठलीही प्रतीक्षागृहे भरलेलीच असतात. समोरच्या बाकावर काटोलकडून आलेली एक तरुण बाई मांडीवर वर्ष-दीड वर्षाचे मूल घेऊन बसली होती. मुलाच्या दोन्ही हातांवर पायमोजे चढवलेले होते आणि ते एक मोजा चोखत होते. बाई बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. मूल हलले की दचकून त्याचे हात धरायची, आणि तिचे डोळे पुन्हा मिटायचे. मी तिच्याकडे पाहत होते तेवढ्यात मदतनीस मुलीने माझ्या हातात एक कागद आणि पेन दिले. "मॅडम, हे भरून ठेवा, मागच्या आठवड्याचं लिहायचं."

तो कागद म्हणजे डर्मटॉलॉजी लाइफ क्वालिटी इंडेक्स, त्वचारोगाने रोजचे जगणे किती बिघडते त्याचे माप. वेल्समधल्या कार्डिफ इथे अँड्र्यू फिन्ले आणि जी. के. खान यांनी १९९४ मध्ये तयार केलेली ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. दहा प्रश्न, प्रत्येकाला तीन गुण, जास्तीत जास्त तीस. मी ती लक्षपूर्वक वाचली. गेल्या आठवड्यात त्वचेला किती खाज आली किंवा दुखले? त्वचेमुळे किती संकोच वाटला? बाजारहाट किंवा घरकाम यांत अडथळा आला का? कपडे निवडण्यावर परिणाम झाला का? लोकांत मिसळणे, खेळ, नोकरी किंवा शिक्षण, जोडीदाराशी आणि नातलगांशी संबंध, शरीरसंबंध, आणि शेवटी उपचारांचा किती त्रास. दहा संपले. मी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हते. बाजारहाटीचा प्रश्न आहे, गांधीबागेतली चादर त्यात कशीबशी बसवता आली असती. झोपेचा प्रश्नच नाही. नंतर कळले की याच प्रश्नावलीची लहान मुलांसाठीची जी आवृत्ती १९९५ मध्ये आली, तिच्यात झोपेचा प्रश्न आहे. मूल रात्री झोपत नाही हे जगाला मान्य आहे. मोठ्या माणसाने तेवढे बघून घ्यावे, असाच जणू समज असावा.

प्रश्नावली करणाऱ्यांवर राग काढण्यात अर्थ नाही, हेही मला समजते. ती सगळ्या त्वचारोगांसाठी आहे, दोन मिनिटांत भरून व्हावी म्हणून आखूड ठेवलेली आहे, आणि दवाखान्यात रोग्याच्या जगण्याविषयी कोणी काही विचारतच नव्हते अशा काळात तिने ते विचारले. फक्त इसबासाठी असलेल्या इतर मापांत झोप आहेही. युरोपातल्या तज्ज्ञांच्या एका गटाने १९९३ मध्ये केलेल्या स्कोरॅड या मापात झोपमोडीला दहा गुण आहेत. एकूण गुण एकशे तीन. उरलेल्यांतला सर्वांत मोठा वाटा लाली, सूज, ओल, खपल्या, खरवडे अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचा. डॉक्टर दिवसाच्या उजेडात तपासतात, तेव्हा दिवसाच्या उजेडात दिसते त्यालाच वजन मिळणार. रात्रीचे खाजवणे मोजायचे तर अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्याने रात्रभर चित्रण करावे लागते किंवा मनगटाला हालचाल टिपणारे यंत्र बांधावे लागते, आणि अशा अभ्यासांतून दिसते ते असे, की रोगी सकाळी जे सांगतो त्याचा आणि यंत्राने टिपलेल्याचा मेळ फारसा बसत नाही. साहजिकच आहे. ज्या वेळी प्रसंग घडतो त्या वेळी साक्षीदार झोपलेला असतो.

शेजारच्या बाकावरच्या मासिकात नव्या औषधांवर लेख होता. दर पंधरा दिवसांनी टोचून घ्यायचे डुपिलुमॅब, ज्याला २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानंतर आलेल्या, दाहाचा संदेश पेशीच्या आतच अडवणाऱ्या जॅक रोधक गोळ्या. खाजेच्या मुळाशी जाणारी ही औषधे आहेत आणि ती लागू पडलेल्या लोकांची झोप काही दिवसांतच सुधारू लागते, असे डॉक्टर सांगतात. त्यांच्या किमती आणि सतत कराव्या लागणाऱ्या तपासण्या यांचा हिशेब आम्ही घरी मांडून पाहिला आहे, आणि तूर्तास तो वहीतच आहे. लेखाबरोबरच्या चित्रात एक तरुणी पांढऱ्या शुभ्र चादरीवर गाढ झोपली होती. त्या चित्रकाराला कोणीतरी चांगलाच सल्ला दिला होता.

मी दहा प्रश्न भरले, बेरीज सोळा आली. मग खाली उरलेल्या कोऱ्या जागेत ११ असा आकडा घातला आणि लिहिले, "गेल्या आठवड्यात तुमची झोप किती वेळा मोडली?" आणि त्यापुढे, "रोज." मदतनीस मुलीने कागद घेतला, वाचला, थोडी गोंधळली. "मॅडम, हे काँप्युटरमध्ये टाकता नाही येणार, त्यात दहाच रकाने आहेत," ती म्हणाली. मग जरा थांबून तिने कागद तसाच फायलीला टाचला आणि आत नेऊन ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी आधी तोच वाचला. हात तपासण्याच्या आधी त्यांनी विचारले, "जाग साधारण किती वाजता येते?" मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले, परंतु माझ्याकडे सांगण्यासारखे होते ते फक्त उशाच्या घड्याळातले आकडे. तेवढ्यात शेजारी बसलेले आमचे हे बोलू लागले. पहिल्यांदा साडेबाराच्या सुमाराला, पण तेव्हा तिला जाग येत नाही, नुसता हात चालतो, उजवा हात डाव्या कोपरावर. मग दोनच्या पुढे, ते मोठे असते, अर्धा तास तरी. कूलर असला की कमी. ज्या दिवशी रात्रीचे मलम जेवणानंतर लगेच लागते त्या दिवशी पहिले टळते, झोपायच्या वेळी लावले तर टळत नाही. पहाटे मान. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. डॉक्टरीणबाई भराभर लिहून घेत होत्या. मलमाच्या वेळेखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. मग पेन थांबवून त्यांनी यांना विचारले, "आणि तुम्ही कधी झोपता?"

"ऑफिसात," हे म्हणाले, "जेवणाच्या सुटीनंतर."

डॉक्टरीणबाईंनी तेही लिहून घेतले.